भुलावणीचे पक्षी

कऱ्हाडच्या परिसरात कृष्णाकाठचा जोंधळा निसवू लागला की शेताशेतांतून बुजगावणी उभी राहतात. फाटका सदरा, आडव्या काठीचे दोन हात आणि डोक्याच्या जागी चुन्याचे डोळे काढलेले पालथे मडके. पाखरांनी त्याला माणूस समजावे व दूर राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. शेतकऱ्याच्या या खोट्या माणसाला एक भावंड आहे, आणि ते म्हणजे शिकाऱ्याचे खोटे पाखरू. बुजगावण्याने पाखरे पळावीत, या दुसऱ्याने ती जवळ यावीत. लबाडी एकच, रोख तेवढा उलटा. बुजगावणे हा शब्द मराठी माणसाच्या नित्याच्या बोलण्यातला, प्रसंगी टोमण्यासही उपयोगी पडणारा. शिकाऱ्याच्या पाखराला मात्र सुशिक्षित माणूस इंग्रजीतला 'डिकॉय' हाच शब्द बहुधा लावतो. त्यास भुलावणीचा पक्षी म्हणावयास हरकत नसावी.

हा इंग्रजी शब्दही मूळचा इंग्रजांचा नव्हे. डच भाषेत पिंजऱ्याला जो शब्द आहे त्यातून तो आला, असे भाषापंडित सांगतात. हॉलंडात तळ्याच्या कडेने निमुळत्या होत जाणाऱ्या चराच्या वर जाळे पसरीत, आणि माणसाळलेली बदके पोहत पुढे जाऊन रानबदकांना त्या चरात नेत. म्हणजे आरंभी भुलावणीचा पक्षी जिवंतच होता. लाकडाचा पक्षी पुढे समुद्रापलीकडे अमेरिकेत रूढ झाला, आणि तेथेच तो पाण्यावरून दिवाणखान्यात येऊन बसला. हा प्रवास कसा झाला हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील नेव्हाडा संस्थानात लव्हलॉक नावाची एक गुहा आहे. तेथे वटवाघळांच्या विष्ठेचे दाट थर साचले होते. १९११ साली खतासाठी ते खणून काढू लागले तेव्हा मजुरांच्या फावड्याला जुन्या टोपल्या, जाळी, दोऱ्या लागू लागल्या. पुढे १९२४ साली तेथे रीतसर उत्खनन झाले, आणि साठवणीच्या एका खड्ड्यातून अकरा बदके निघाली. लव्हाळ्याच्या जातीच्या पाणगवताच्या पेंड्या वळवून, बांधून केलेली ही बदके होती. त्यांतील काहींवर रंग चढविलेला, काहींना खऱ्या बदकाची पिसे लावलेली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत असे पुढे ठरले. ज्याने ती ठेवली त्याने पुढल्या हंगामासाठी नीट ठेवली होती. तो हंगाम त्याला लाभला नाही, किंवा गुहेकडे परत येणे झाले नाही. दोन हजार वर्षांत अशा वस्तूत फारसा फरक पडला नाही, कारण बदकाची समजूतही तितक्याच वर्षांत बदलली नाही.

युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ही विद्या तेथील मूळ रहिवाशांकडून घेतली आणि गवताऐवजी लाकूड वापरले. सीडरचा किंवा पाइनचा ओंडका कुऱ्हाडीने तासून अंग काढावयाचे, डोके निराळे कोरून खिळ्याने बसवावयाचे, पोटाखाली शिशाचा तुकडा ठोकावयाचा म्हणजे लाटेवर ते कलंडत नाही, आणि मग रंग. हे काम करणारे बहुतेक कोळी, नावाडी, जहाजाचे सुतार. त्यांना कोणी कलावंत म्हणत नसे आणि तेही स्वतःस तसे समजत नसत. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या आल्या, मागून भरावयाच्या बंदुका आल्या, मोठ्या शहरांतील हॉटेलांना रानबदकांचे मांस हवे झाले, आणि एकेका शिकाऱ्यास शेकडो लाकडी बदके पाण्यावर सोडावी लागली. तेव्हा त्यांचा रीतसर धंदा झाला.

या कारागिरीतील खरी मेख आकारात नाही. उडत्या थव्यातील बदक खाली पाहते ते पाण्यावर आपली जात आहे की नाही एवढेच पाहण्यासाठी नव्हे. खाली बसलेली बदके निर्धास्त आहेत की सावध, हेही त्यास कळते. मान ताठ असली की धोका. मान आखडून अंगात घेतलेली, चोच पिसांत खुपसलेली, म्हणजे सर्व कुशल. तेव्हा चांगल्या कारागिराला बदक कोरावयाचे नसे, बदकाचा निश्चिंतपणा कोरावयाचा असे. मॅसॅच्युसेट्समधील एल्मर क्रोवेल हा या विद्येतील नामांकित पुरुष. त्याचा जन्म १८६२ चा, मृत्यू १९५२ चा. झोपलेला हंस, पिसे साफ करणारे बदक अशी त्याची कामे आहेत. ती पाहणाऱ्याच्या मनालाही स्वस्थता येते, आणि ती स्वस्थता कोणासाठी रचलेली होती हे आठवले की किंचित शहाराही येतो.

जिवंत भुलावणीची कथा याहून कठोर आहे. अमेरिकेतील प्रवासी कबुतरे एके काळी आकाश झाकून टाकीत असत. ती पकडताना एका कबुतराचे डोळे दोऱ्याने शिवून त्यास एका छोट्या बैठकीवर बांधीत. बैठक खालीवर केली की ते तोल सावरण्यासाठी पंख फडफडवी, आणि वरून जाणारा थवा खाली दाणे आहेत असे समजून उतरे. पोलिसांच्या खबऱ्याला इंग्रजीत ज्या पक्ष्याच्या नावाने ओळखतात तो हाच. या जातीचे शेवटचे कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले.

मग कायदे आले. १९१८ च्या कायद्याने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा व्यापार बंद झाला, १९३५ साली जिवंत पक्षी भुलावणीस वापरण्यासही बंदी झाली. बाजारासाठी कोरलेल्या लाकडी पक्ष्यांचे मोठे ढीग पडव्यांतून, नावांच्या कोठारांतून पडून राहिले. पुष्कळांचे सरपण झाले. जोएल बार्बर नावाच्या न्यूयॉर्कच्या एका वास्तुशिल्पज्ञास १९१८ च्या सुमारास लाँग आयलंडवर असेच एक टाकून दिलेले बदक मिळाले, आणि त्याला त्याचा छंद लागला. १९३४ साली त्याने या विषयावर पहिले मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने जमविलेली बदके पुढे व्हरमाँटमधील शेल्बर्न संग्रहालयात गेली. त्यानंतर या वस्तूंना लोककला हे नाव मिळाले, लिलाव होऊ लागले, आणि २००७ साली क्रोवेलची दोन कामे प्रत्येकी अकरा लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. ज्या कोळ्याने ती पाण्यावर सोडली असती त्याच्या साऱ्या हयातीच्या मिळकतीत तेवढे शून्य मावले नसते. पक्ष्यांस वाचविणाऱ्या कायद्याने खोट्या पक्ष्यांस बेकार केले, आणि बेकार झाल्यावरच ते सुंदर ठरले.

आता श्रोत्यांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की हे सर्व परदेशचे झाले. आपल्या बाजूस काय? कृष्णा-कोयनेच्या संगमावर हिवाळ्यात पाणपक्षी येतात, खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर चक्रवाक उतरतात, माळरानावर तित्तर व लावे आहेत. जेथे पक्षी तेथे पारधी, आणि जेथे पारधी तेथे भुलावणी असावयाचीच. ती होती. परंतु तिचा माग लाकडात सापडत नाही. तो शिलालेखांत, पोथ्यांत आणि माणसांत शोधावा लागतो, आणि योगायोग असा की त्या मागावर कऱ्हाडचे नाव दोनदा येते.

आज कराड असे लिहिले जाणारे हे गाव जुन्या काळी करहाटक या नावाने प्रसिद्ध होते. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात ते नाव आहे. मध्य प्रदेशातील भारहुत येथील स्तूपाच्या दगडी कठड्यावर ज्या दात्यांची नावे कोरली आहेत त्यांत करहकट येथील निगमाचे, म्हणजे व्यापारी नगराच्या संस्थेचे, दान नोंदलेले आहे. हे करहकट म्हणजे कऱ्हाडच असे विद्वानांनी ठरविले आहे. हा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकाचा. आगाशिवच्या डोंगरातील बौद्ध लेणी पाहिलेल्यास यात नवल वाटणार नाही. १८७३-७४ साली कनिंगहॅमने भारहुत उजेडात आणले, आणि तेथील कठडे कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवले गेले. त्यांवर जातककथांची चित्रे कोरलेली असून काहींखाली कथेचे नावही दिलेले आहे. त्यांत लाव्याची कथा आहे, हंसाची कथा आहे. कऱ्हाडच्या व्यापाऱ्यांचा पैसा ज्या कठड्यास लागला त्यावर पाखरांच्या गोष्टी होत्या, एवढे निश्चित.

पाली जातकांत भुलावणीच्या पक्ष्याला स्वतंत्र नाव आहे. त्याला 'दीपक' म्हणत. दीपक-तित्तिर म्हणजे भुलावणीचा तित्तर, दीपक-मृग म्हणजे भुलावणीचे हरीण. दिव्यावर जशी पाखरे झेपावतात तशी ही जनावरे आपल्या जातभाईंस ओढून आणतात, अशी काही कल्पना या शब्दामागे असेल. तित्तिर नावाच्याच एका जातकात या दीपकाची कथा आली आहे. एका पारध्याने एक तित्तर पाळला होता. तो त्याला पिंजऱ्यात घालून रानात नेई. तित्तर ओरडे, त्याच्या आवाजावर दुसरे तित्तर येत आणि पारध्याच्या हाती सापडत. तित्तराच्या मनास ते लागले. आपल्यामुळे आपलेच नातलग मरतात, हे पाप आपल्या माथी आहे, असे समजून तो गप्प बसला. पारध्याने बांबूच्या काडीने त्याच्या डोक्यात मारले. वेदनेने तो ओरडला, आणि त्या ओरडण्यावरही तित्तर आलेच. एके दिवशी पारधी एका तपस्व्याच्या आश्रमाजवळ झोपला असता पिंजऱ्यातील पक्ष्याने तपस्व्यास विचारले, या पापाचा धनी कोण? तपस्व्याने उत्तर दिले की ज्याचे मन त्या कृत्यात नाही त्याला ते पाप चिकटत नाही.

उत्तर दिलासा देणारे आहे. पण कथेतील पारध्याला कोणी काही विचारीत नाही. तो झोपलेलाच असतो. तो का मारतो, घरी किती तोंडे आहेत, याविषयी कथाकार मौन आहे. पारध्याविषयीचे हे मौन पुढेही फार काळ टिकले.

कऱ्हाडचा दुसरा उल्लेख राजघराण्याच्या निमित्ताने येतो. अकराव्या शतकात येथे शिलाहारांची एक शाखा राज्य करीत होती. त्या घरची राजकन्या चंद्रलेखा हिने कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य यास स्वयंवरात वरले, अशी कथा बिल्हण कवीने आपल्या विक्रमांकदेवचरितात वर्णिली आहे. या विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर हा राजा असून ग्रंथकारही होता. त्याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ सुमारे ११२९ सालचा. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून मांडे कसे करावे येथपर्यंत सर्व काही आहे. त्याच्या विनोदांच्या प्रकरणांत कोंबड्यांच्या झुंजी, लाव्यांच्या झुंजी, ससाण्याकडून शिकार, गळाने मासे धरणे आणि मृगया यांचे सविस्तर वर्णन येते. त्यात पाळलेले हरीण शिकवून तयार करावे व त्याच्या आडून रानातील हरिणे जवळ आणावी, ही युक्तीही सांगितली आहे.

हे सर्व राजाच्या करमणुकीचे शास्त्र. परंतु राजाला हरीण शिकवून कोणी दिले असेल? सोमेश्वराने लिहिले ते त्याने कोणाकडून तरी ऐकले व पाहिले होते, आणि ते सांगणारा माणूस संस्कृत जाणणारा खास नव्हता. दख्खनच्या रानात ही विद्या ज्यांच्या पिढीजात कुळात होती ते पारधी. त्यांच्यात धंद्यावरून निरनिराळी नावे पडली. फास लावणारे ते फासेपारधी. गाय किंवा बैल शिकवून त्याच्या आडून सावजाजवळ जाणारे ते गायपारधी. चित्ता बाळगून हरणांची शिकार करणारे चित्तेवाले. आणि शिकार सुटल्यावर जात्यांना टाकी लावून पोट भरणारे टाकणकर. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातींवर जो ग्रंथ छापला त्यात हे पोटभेद नोंदविले आहेत. सातारा, सांगली, सोलापूर या बाजूस फासेपारध्यांची वस्ती पूर्वीपासून आहे. घरात ते गुजरातीशी नाते सांगणारी बोली बोलतात आणि बाजारात मराठी.

फासेपारध्याचे साहित्य थोडे. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे किंवा तातीचे पीळ घातलेले फास, ते ज्यांना बांधावयाचे त्या बांबूच्या खुंट्या, एक झोळी. हे फास गवतात ओळीने रोवून ठेवले की जवळ उभ्या असलेल्या माणसासही दिसत नाहीत. मग एका बाजूस पाळीव तित्तराचा पिंजरा, किंवा तोही नसला तर पारध्याचे स्वतःचे तोंड. तित्तर हा आपल्या हद्दीचा कडवा अभिमानी. दुसऱ्या नराची साद ऐकली की तो राहू शकत नाही, भांडण्यास धावून येतो. अमेरिकेतील बदक सोबतीच्या ओढीने फसते, आपला तित्तर मानापायी फसतो! तळ्यावरील बदकांसाठी हिंदुस्थानात निराळी युक्ती होती. पाण्यावर काही दिवस रिकामी मडकी सोडून द्यावयाची, म्हणजे बदके त्यांना सरावतात. मग पारध्याने डोळ्यांपुरती भोके पाडलेले मडके डोक्यावर पालथे घालून गळाभर पाण्यात हळूहळू चालत जावयाचे आणि बदकाचे पाय धरून त्यास खाली ओढावयाचे. वरच्या थव्याला कळतही नसे. बुजगावण्याच्या डोक्याचे मडके ते हेच. येथे मात्र त्याच्या आत खरा माणूस आहे.

या वस्तूंचे पुढे काय झाले असेल? मडके फुटते. केसांचा फास कुजतो. तित्तर मरतो, आणि साद तर हवेतच विरते. संग्रहास योग्य असे त्यांतून काही उरत नाही, हे एक कारण. दुसरे कारण माणसांचे आहे आणि ते अधिक खेदाचे आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या देशभर झाली आणि मुंबई इलाख्यातील पारधीही त्याच्या कचाट्यात आले. जन्मल्याबरोबर मूल गुन्हेगार. हजेरी, परवाने, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील सेटलमेंट. ज्याच्या झोळीत फास सापडला तो फास पुरावा ठरावयाचा; मग तो जपून कोण ठेवणार? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्यानंतर १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि तित्तर धरणे हाच गुन्हा झाला. पक्ष्यांच्या दृष्टीने हा कायदा आवश्यकच होता, याविषयी दुमत नाही. अमेरिकेतही कायद्याने तेच केले. फरक एवढाच की तेथील कोळ्याला शिकार बंद झाल्यावर लाकूड कोरणारा म्हणून कोणी शोधीत आले. पारध्याकडे जे आले ते त्याला शोधण्यासाठी आले, पण निराळ्या कारणाने.

महाराष्ट्रात संग्राहक झाले नाहीत असे नाही. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारापासून घरगुती वापराच्या जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला, आणि पत्नी कमलाबाई यांच्या साह्याने आयुष्यभर तो उद्योग चालविला. बालपणीच वारलेल्या राजा या मुलाच्या नावाने तो संग्रह पुण्यात उभा आहे. वीस हजारांहून अधिक वस्तू त्यात आहेत. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पाय घासण्याच्या वज्र्या, आणि त्यांवर जागोजाग मोर, पोपट, हंस. साध्या सुपारीच्या तुकड्यासाठीही मराठी लोहाराने पोपटाची चोच घडविली, हे केळकरांनी दाखवून दिले नसते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. कऱ्हाड हे ज्यांचे जुने ठाणे त्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातील बाळासाहेब यांनी १९३८ साली औंधास श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभारले. ते स्वतः चित्रकार. त्यांची दृष्टी चित्रे, शिल्पे, हस्तिदंत व चंदनावरील कोरीवकाम यांकडे. दोन्ही संग्रह थोर आहेत. परंतु त्यांतील वस्तू आल्या त्या मुख्यतः वाड्यातून, माजघरातून, देवघरातून. पाखराचा आकार घरात शिरला तो शोभेसाठी किंवा मुलाच्या पाळण्यावरच्या चिमणाळ्यासाठी. रानातले पाखरू आणि त्याला बोलावणारा माणूस गावकुसाबाहेरच राहिले. १९६२ साली पुण्यास आदिवासी संशोधन संस्था निघाली व तिच्या संग्रहालयात आदिवासींच्या नित्य वापराच्या वस्तूंना जागा मिळाली. तरीही भुलावणीची विद्या ही मुळात वस्तू नव्हेच. अमेरिकेत ती लाकडात होती म्हणून कपाटात ठेवता आली. आपल्याकडे ती पारध्याच्या गळ्यात आहे.

मध्य प्रदेशातील पन्ना येथे अलीकडच्या वर्षांत एक निराळा प्रयत्न झाला आहे. तेथे वनखात्याच्या व एका निसर्गसंस्थेच्या साह्याने पारधी तरुण पाहुण्यांस रानातून पायी फिरवून आणतात. माग कसा ओळखावा, कोणते झाड कशाच्या उपयोगाचे, हे ते सांगतात. मग मध्येच एकजण थांबतो, हाताची ओंजळ तोंडाशी नेतो आणि तित्तराची साद घालतो. पलीकडच्या झुडपातून उत्तर येते. पाहुणे ऐकत उभे राहतात. गवतात फास लावलेला नसतो.